दुसऱ्याच्या नावाचा बिब

दुसऱ्याच्या नावाचा बिब, म्हणजे छातीवरची नंबराची पट्टी, लावून पळालेल्या एका धावपटूच्या फोटोवर गेले आठ दिवस जो तो बोलतोय आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, "बिचाऱ्याने सहा महिने घाम गाळला होता हो!" गाळला असेल, पण छातीवर नाव दुसऱ्याचं होतं. तीन दिवसांची डोंगरातली शर्यत, जिथे रोज संध्याकाळी तंबूत कोण परतलं आणि कोण नाही हे यादीवर खुणा करून मोजतात. हा माणूस त्या यादीत नव्हताच. यादीत होता तो घरी झोपला होता.

परवा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक भागात रात्रपाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवरही हाच विषय होता. बोलणारा सीएनसी मशीन चालवणारा, बेळगावकडचा तरुण. स्वतः पळणारा. कामावर जायच्या आधी पहाटे तुमकूर रोडच्या सर्व्हिस रोडवर, डिझेलचा धूर खात पळायचं. पीण्यात चढ नाही म्हणून रविवारी डाबसपेठच्या पुढे शिवगंगेला जाऊन डोंगर चढायचा-उतरायचा. दोन दिवस लागोपाठ लांब पळायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी कसं चालायचं ते अंगवळणी पडतं. हे सगळं सांभाळणाऱ्या मुलाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच तो जेव्हा म्हणाला, "सराव पुरा झाला होता ना, मग बिब कोणाचा का असेना," तेव्हा संताप आला.

सराव पुरा झाला, म्हणून शर्यत माझी! मग वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाने मित्राच्या हॉल तिकिटावर पेपर दिला तर? त्याला आपण बिचारा म्हणत नाही, डमी उमेदवार म्हणतो आणि पोलिसांकडे देतो. तिथे अभ्यासाची कीव येत नाही, इथे घामाची येते. आणि "सहा महिने वाया गेले असते" म्हणजे नेमकं काय वाया गेलं असतं? हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकलं, मांड्यांना उताराचा मार सोसायची सवय झाली, पळता पळता खाल्लेलं पोटात टिकू लागलं. शर्यत हुकली म्हणून सोमवारी सकाळी हे सगळं पुसलं जात नाही. उलट शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी करतात, कारण कमावलेलं अंगी मुरायला विश्रांती लागते. सराव चालू ठेवलात तर ते मुरलेलं तुमचंच राहतं, पुढच्या शर्यतीला उपयोगी पडतं. हुकतं ते पदक आणि मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यांचा तो फोटो. त्या घड्याळांवर माझा जुनाच राग आहे. आकडा दाखवता आला नाही तर पळणं झालंच नाही, असं मानणारी एक पिढी त्यांनी तयार केली आहे. सहा महिने वाया जाण्याची भीती मला तरी त्या घड्याळातूनच आलेली दिसते.

पैसे बुडाले असते, सगळेच करतात, या सबबींना उत्तर द्यायची गरज नाही.

प्रश्न नावाचा आहे, आणि नाव का लागतं ते बघा. 1994 साली सहारातल्या मॅरॅथॉन दे साब्लमध्ये माउरो प्रोस्पेरी हा इटलीचा पोलीस अधिकारी वाळूच्या वादळात वाट चुकला आणि दहा दिवसांच्या सुमारास थेट अल्जीरियात सापडला. पुढे त्यानेच सांगितलं, की मृत्यू आलाच तर देह कुठे पाठवायचा हे शर्यतीआधी एका फॉर्मवर लिहून सही करावी लागते. वाचताना अंगावर काटा येतो, पण नावाचा खरा अर्थ त्या सहीत आहे. 2021 च्या मे महिन्यात चीनच्या कान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि वारा आला, 21 धावपटू थंडीने गेले. अशा रात्री शोधणाऱ्यांना नावं लागतात. बिबच्या मागे रक्तगट असतो, घरचा फोन नंबर असतो. दुसऱ्याच्या बिबवर तुम्ही कोसळलात तर डॉक्टर भलताच रक्तगट वाचणार आणि फोन भलत्याच घरी वाजणार. तिकडे कुणाच्या तरी आईला तिचा मुलगा गेल्याचं कळेल, तुमच्या आईला काहीच कळणार नाही.

टपरीवरच्या त्या तरुणाला मी त्याच्याच कामातलं विचारलं. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे धातूच्या वितळीचा क्रमांक, एक आणि सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर दुसरा असेल तर काय करता? क्षणही न घेता म्हणाला, "लाल बिनमध्ये. माल कितीही चांगला असू दे, कुठल्या वितळीचा ते कळत नाही तोवर मशीनवर चढत नाही." मग स्वतःच गप्प झाला. लोखंडाच्या तुकड्याला जो नियम लावतोस तो माणसाला लावायला काय हरकत आहे, एवढंच मी म्हटलं.

आयोजकांनाही मी सोडणार नाही. सहा महिने आधी नोंदणी बंद करायची आणि नाव बदलू द्यायचं नाही, याला काय म्हणावं? शर्यतीआधी पंधरा दिवसांपर्यंत नवा फॉर्म, नवं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन नाव बदलून द्या. मित्राच्या जागी मित्र स्वतःच्या नावाने उभा राहिला तर माझी काहीच हरकत नाही. पैसे पूर्ण घ्या की अर्धे, ते तुमचं तुम्ही बघा.

डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर पळायला इथून जाणारी मराठी मंडळी आहेत, कुणी त्याहून लांब हिमालयात जातील. तुमच्या बॅगेत दुसऱ्याच्या नावाचा बिब असेल तर आजच आयोजकांना फोन करा आणि नाव बदलून मागा. नाही म्हणाले, तर त्या दिवशी घरी थांबा.