मोकळी जागा

हिंदी कागदपत्रं मराठीत आणताना 'खाली जमीन' हे दोन शब्द मला दर वेळी अडवतात. रिकामी म्हणावं, मोकळी म्हणावं, पडीक म्हणावं की ओसाड? रिकामी म्हणजे आत कुणीतरी होतं आणि निघून गेलं. मोकळी म्हणजे कुणाचीच हरकत नाही, या आणि बसा. पडीक म्हणजे एके काळी पिकत होती, आता कुणी पेरत नाही. ओसाड म्हटलं की माणसं का उठून गेली, हा प्रश्न आलाच. हिंदीतला एकच शब्द निवडताना मला त्या जमिनीचा अख्खा इतिहास ठरवावा लागतो, आणि कागदात तो कुठेच लिहिलेला नसतो.

रायपुरात अशी एक लांबलचक जागा होती. इथले लोक तिला 'छोटी लाईन' म्हणत. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० च्या सुमारास रायपूर ते धमतरी असा अडीच फुटी रूळ टाकला. अभनपूरहून एक फाटा महानदीकाठच्या राजिमला जाई. जंगलातलं लाकूड आणि धान शहरात यावं हा तिचा मूळ हेतू. पण रेल्वे कुणासाठी बांधली आणि ती कुणाची झाली, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुढे ती भाजीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांची, रोजंदारीवर निघालेल्या मजुरांची, शिकायला येणाऱ्या पोरांची आणि माघी पौर्णिमेला राजिमच्या जत्रेला जाणाऱ्यांची झाली. गाडी इतकी सावकाश चाले की तिची थट्टा करणं हा रायपूरकरांचा हक्कच होता. तिकीट मात्र परवडायचं.

शहरातला तिचा तुकडा २०१७ साली बंद झाला. रूळ उखडले आणि त्याच पट्ट्यावर स्टेशनाजवळून तेलीबांध्याकडे व पुढे केंद्रीच्या दिशेने जाणारा एक्स्प्रेस-वे झाला. मी त्यावरून जाते. भर वस्तीतल्या रेल्वे फाटकांपाशी अडकून पडलेली वाहनं, त्यांत कधी एखादी रुग्णवाहिका, हे चित्र ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा रस्ता चूक वाटणार नाही. मलाही वाटत नाही. मग बोचतं ते काय?

याच सुमारास, म्हणजे १९०० मध्ये, पॅरिसला जागतिक प्रदर्शनासाठी ओर्से नावाचं दिमाखदार स्टेशन उघडलं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट तोकडे पडले, आणि १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी ते निकामी ठरलं. ते पाडून हॉटेल बांधायचा बेत होता. तो टळला आणि १९८६ साली तिथे संग्रहालय उघडलं. जुन्या स्टेशनांचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास येतं. आपल्याकडे नागपूरला मोतीबागेत छोट्या गाड्यांचं संग्रहालय आहे, इंजिनं रंगवून ठेवली आहेत, मुलं त्यांवर चढतात. छानच आहे. पण जतनाच्या या साऱ्या बोलण्यात जपलं जातं ते नाम: इमारत, घड्याळ, कमान, इंजिन. स्टेशन हे मुळात क्रियापद असतं. कुणीतरी कुठून तरी कुठे तरी पोचतं. तेलीबांध्याच्या स्टेशनात कमान वगैरे काही नव्हतं. जपण्याजोगं नाम तिथे नव्हतंच, म्हणून तिथे काही गेलं आहे असंही कुणाला वाटलं नाही.

भाषांतराच्या धंद्यात आम्ही शब्द सोडतो, वाक्यं मोडतो, त्याबद्दल कुणी फाशी देत नाही. पण मूळ मजकूर औषधाच्या पुडीवरची सूचना असेल आणि मी त्याची सुरेख कविता केली, तर रोग्याने काय करायचं? वाहनवाल्यांचं वाहणं सोपं झालं हे खरं. पण ज्या बाईकडे वाहन नाही तिच्यासाठी ही जागा दुसऱ्याच भाषेत गेली.

यावर रास्त आक्षेप आहे. कोणताही वापर अमर नसतो. उद्या ती बाईच बसने यायला लागली, तिच्या मुलाने मोटारसायकल घेतली, तर जागेने जुन्या प्रवाशांचं ऋण किती पिढ्या फेडायचं? मला वाटतं, फार नाही. पण जागा 'मोकळी' आहे असं ठरवायच्या दिवशी जे ती वापरत होते त्यांचं तरी. छोटी लाईन त्या दिवशी पडीक नव्हती. गाडी शेवटपर्यंत माणसं घेऊन धावत होती. 'बंद पडली' आणि 'बंद केली' यांत मराठीने कर्ता दाखवायची सोय ठेवली आहे. आपण बोलताना सोयीस्करपणे पहिलं क्रियापद वापरतो.

मार्च २०२५ मध्ये अभनपूर ते रायपूर गाडी पुन्हा सुरू झाली. आता मोठ्या रुळावरून, मंदिर हसौदमार्गे, नव्या रायपुराला वळसा घालून. क्रियापद परत आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तेलीबांधा त्या वाटेवर नाही, आणि मधे जवळपास आठ वर्षं गेली. २०१७ साली अकरावीत असलेल्या मुलीसाठी ही गाडी परत आलेली नाही. तिचं शिक्षण संपलं, किंवा सुटलं.

छोट्या लाईनच्याच वयाची इथली आणखी एक गोष्ट आहे. मराठी मातृभाषेचे, रायपुरात राहिलेले आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' सुरू केलं आणि १९०१ साली त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापली. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं, म्हणून तो कोर्टातून विधवेची झोपडी ताब्यात घेतो. ती येते आणि टोपलीभर माती मागते. नात जेवत नाही, आपल्या घरच्या चुलीचीच भाकरी हवी म्हणते, म्हणून त्या मातीची चूल करायची आहे. टोपली उचलायला हात द्या म्हटल्यावर जमीनदाराला ती उचलत नाही, आणि म्हातारीच्या बोलण्याने तो वरमतो. शाळेत ही कथा गर्वहरणाची म्हणून शिकवतात. मला ती मागण्याची कथा वाटते. म्हातारी झोपडी परत मागत नाही. भिंती, छप्पर, जागेचा हक्क, सगळं कोर्टात गेलेलं तिला ठाऊक आहे. तिला हवंय पोरीचं जेवण चालू राहणं, ते कुठे का होईना.

कथेतला जमीनदार झोपडी परत करतो. शहराला ते जमणार नाही, आणि कुणी एक्स्प्रेस-वे उखडा म्हणतही नाही. पण रूळ काढण्याआधी अभनपूरच्या गाडीतल्या माणसांना कुणी विचारलं असतं की तुमची टोपलीभर माती कोणती, तर उत्तरं फार महाग नसती. सकाळच्या ठरलेल्या वेळेला, त्याच भाड्यात, टोपलीसकट चढू देणारी बस.

एक्स्प्रेस-वेच्या पुलावरून उतरताना तेलीबांधा तलाव दिसतो. त्याच्या काठाला आता लोक मरीन ड्राईव्ह म्हणतात. समुद्र इथून कित्येक शे किलोमीटरवर आहे, पण त्याचं भाषांतर आम्ही बिनदिक्कत केलं. संध्याकाळी तिथे गर्दी असते, मीही जाते. भाजीवाल्या बाया मात्र पलीकडे, चौकात बसतात. एकीला विचारलं, कशा येता? म्हणाली, आटोने. आणि किती लागतात विचारल्यावर तिने भाड्याचा आकडा न सांगता मेथीच्या जुडीचा भाव सांगितला.