कैसरचा जिवलग

बर्नहार्ड फोन ब्यूलो १८९७ मध्ये जर्मनीच्या परराष्ट्र खात्याचा प्रमुख झाला आणि १९०० मध्ये चॅन्सेलर. त्याच्यासाठी कैसरकडे, म्हणजे सम्राटाकडे, शब्द टाकत आलेला माणूस ना मंत्री होता ना संसदेचा सभासद. तो व्हिएन्नातला राजदूत होता: फिलिप त्सू ऑयलेनबुर्ग.

या दोघांची, म्हणजे कैसर विल्हेल्म दुसरा आणि ऑयलेनबुर्ग यांची, गट्टी १८८६ मध्ये शिकारीच्या निमित्ताने जमली. राजपुत्र सत्तावीस वर्षांचा, हा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. ऑयलेनबुर्ग गाणी रचायचा, पियानोवर बसून ती स्वतः गायचा. परलोकविद्येचाही त्याला नाद होता. बराकीच्या शिस्तीत वाढलेल्या विल्हेल्मला असा सोबती कधी मिळालाच नव्हता. दोन वर्षांत तो गादीवर आला. मग उन्हाळ्यात ‘होहेनझोलर्न’ नौकेतून नॉर्वेची सफर निघाली की ‘फिली’ सोबत असायचाच.

एवढ्यावर राज्य चालते का? त्या जर्मनीत चालत होते. चॅन्सेलर नेमायचा आणि काढायचा तो कैसरने. राइशस्टागला, म्हणजे संसदेला, त्यात मत नव्हते. ही व्यवस्था पहिला चॅन्सेलर बिस्मार्क याने स्वतःच्या सोयीने घडवली होती आणि १८९० मध्ये तिनेच त्याला घरी पाठवले. सगळा कारभार एका माणसाच्या मर्जीवर टेकला, की त्या मर्जीची नाडी ओळखणारा मित्र मंत्र्यांपेक्षा मोठा होतो.

ऑयलेनबुर्ग कपटी होता असे म्हणवत नाही. कैसरचा भडकपणा त्याला दिसत होता; नौकेवरून ब्यूलोला लिहिलेल्या पत्रांत ती काळजी उघड आहे. तरी त्या लहरी माणसाने स्वतःच राज्य करावे, असा आग्रहही त्याचाच. दोष इथे आहे.

अशा माणसाला जाब विचारायचा कुठे? संसदेत सोय नव्हती. माक्सिमिलियान हार्डेन या पत्रकाराने मग दुसरी वाट धरली. १९०६ च्या मोरोक्को परिषदेत जर्मनीला माघार घ्यावी लागली, त्याचे खापर त्याने ऑयलेनबुर्ग आणि त्याच्या भोवतीच्या मित्रमंडळावर फोडले आणि ‘डी त्सुकुन्फ्ट’ साप्ताहिकातून त्यांच्या समलिंगी संबंधांकडे बोट दाखवले. तेव्हा तो गुन्हा होता. धोरणाचा वाद शयनगृहात नेला गेला. ती वाट हीन होती, पण सरळ वाटेला दारच नव्हते. कैसरने मित्राला एका फटक्यात तोडले. असे संबंध शपथेवर नाकारल्याबद्दल १९०८ मध्ये ऑयलेनबुर्गवर खोट्या शपथेचा खटला उभा राहिला, आरोपी आजारी पडला आणि निकाल कधीच लागला नाही. १९२१ मध्ये तो लीबेनबेर्गला वारला.

मंडळ मोडले, घटना मात्र तशीच राहिली. चॅन्सेलरला राइशस्टागचा विश्वास लागेल, ही दुरुस्ती २८ ऑक्टोबर १९१८ रोजी झाली. बाराव्या दिवशी कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली.