खोलीचे ज्ञान कोणाचे?
समुद्राची खोली मोजणाऱ्या देशाला ती दडवण्याचा नैतिक हक्क आहे का? जीव वाचवणारे ज्ञान अडवून ठेवणे हाही परिग्रहच, असे मला वाटते. जानेवारी २००५ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी पाणबुडी गुआमच्या आग्नेयेला समुद्राखालच्या डोंगरावर आदळली. एक नौसैनिक दगावला. वापरातल्या नकाशावर तो डोंगर नव्हता, पण पाणबुडीवरच्याच इतर नकाशांवर त्या भागात धोक्याची खूण होती. ज्ञान होते, जुळवलेले नव्हते. देशाच्या संरक्षणाचे काय, हा आक्षेप पोकळ नाही; पाणबुड्यांचे मार्ग गुप्तच राहावेत. खडक मात्र आपला-परका पाहत नाही. समान मानकांसाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना १९२१ पासून झटते आहे. भारतासह साऱ्या किनारी देशांनी जहाजांच्या सुरक्षेपुरती तरी मोजमापे खुली करावीत.