मार्थेचे गाऱ्हाणे



२९ जुलै हा मार्था, मरिया आणि लाझरस या तीन भावंडांचा स्मरणदिन. पूर्वी उपासना पंचांगात त्या दिवशी एकट्या संत मार्थेचे नाव असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिघांना एकत्र आणले. त्या निमित्ताने बेथानीतल्या या घराविषयी, आणि थोडे आपल्या घरांविषयी बोलू या.

संत लूकच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. काम थोर की प्रार्थना थोर, ही चर्चाही आपण पुष्कळ ऐकली. आज दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष देऊ. मार्थेचा राग होता मरियेवर, आणि मरिया त्याच घरात, हाकेच्या अंतरावर बसली होती. तरी मार्था तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ती पाहुण्याकडे गेली आणि म्हणाली, हिला सांगा मला मदत करायला. त्यातही आधी पाहुण्यालाच टोमणा : तुम्हाला माझी काही पर्वा नाही का?

हे वाक्य आपल्या किती घरांत रोज बोलले जाते! नवरा-बायकोचा अबोला असतो आणि सात वर्षांची मुलगी टपाल पोहोचवत असते : ‘डॅडींना सांग, जेवण वाढलंय.’ ‘मम्मीला सांग, मला भूक नाही.’ सासूचे सुनेविषयीचे म्हणणे लग्न होऊन गेलेल्या लेकीला फोनवर कळते, सुनेचे तिच्या आईला. ज्यांच्यात बिनसले आहे त्या दोघी मात्र एकाच ओट्यावर भाजी चिरतात. वाडीच्या वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, पण अख्ख्या आळीशी बोलतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला ‘त्रिकोण’ असे नाव दिले. दोन माणसांतला ताण दोघांना सोसवेना, की ती तिसऱ्याला आत ओढतात. क्षणभर हलके वाटते. पण मूळ भांडण जागच्या जागी राहते आणि ओझे तिसऱ्याच्या खांद्यावर जाते. तो तिसरा बहुधा घरातला सर्वांत लहान किंवा सर्वांत हळवा असतो. मग त्याचे पोट दुखू लागते, अभ्यासातून लक्ष उडते, आणि आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो. ताप एकाला, औषध दुसऱ्याला!

म्हणूनच या उपचारात, ज्याला फॅमिली थेरपी म्हणतात, एकट्या ‘बिघडलेल्या’ माणसाला दुरुस्त करायला घेत नाहीत. शक्य तेवढ्या सगळ्यांना एका खोलीत बसवतात. समुपदेशक तीन पिढ्यांचा नकाशा काढतो. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ. कोण कोणाच्या जवळ, कोणाचा कोणाशी अबोला, आजोबांच्या दारूचे सावट कुठवर आले, हे कागदावर दिसू लागते. कधी तो माणसांच्या जागा बदलतो : आईबापांच्या मधोमध बसलेल्या मुलाला उठवून बाजूला बसवतो आणि त्या दोघांना समोरासमोर करतो. साल्वादोर मिनुचिन या नामांकित तज्ज्ञाची ही आवडती रीत होती. नवरा समुपदेशकाकडे पाहून ‘हिला समजवा’ म्हणाला, तर उत्तर मिळते : ‘तुम्हीच सांगा, त्या समोरच आहेत.’ कित्येकांना वर्षानुवर्षांत प्रथमच असे बोलावे लागते. घाम फुटतो.

हे सारे परदेशी खूळ आहे असे कोणी समजू नये. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णासोबत राहायला लावले. घर बरोबर असल्याशिवाय माणूस बरा होऊन घरी टिकत नाही, हे त्यांना उमगले होते. आणि २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांच्या सेवेसाठी मानसशास्त्र आणि वैवाहिक समुपदेशन यांची मदत घेण्यास स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

‘आम्ही काय वेडे आहोत?’ हा प्रश्न मिस्सेनंतर कितीतरी वेळा कानी येतो. ‘रोज जपमाळ म्हणतो की!’ असेही. जपमाळ अवश्य म्हणावी. पण शेजारी शेजारी गुडघे टेकून, एकमेकांकडे न पाहता पन्नास मण्यांची प्रार्थना पूर्ण करता येते, हेही खरे. गुडघा दुखला तर आपण मारियामातेला साकडे घालतो आणि हाडांच्या डॉक्टरांकडेही जातो.

आम्हा धर्मगुरूंचेही येथे सांगायला हवे. ‘फादर, तुम्ही त्यांना जरा सांगा ना’ हे आम्हाला येणारे सर्वांत नेहमीचे आमंत्रण आहे, आणि ते त्रिकोणाचेच आमंत्रण असते. कबुलीजबाबातसुद्धा काही जण स्वतःची पापे दोन आणि जोडीदाराची दहा सांगतात! प्रभू येशूने काय केले पाहा. तो मरियेला उठवायला गेला नाही. मार्थेला तिच्या नावाने दोनदा हाक मारून तो तिच्याशी तिच्याविषयी बोलला, तिच्या काळजीविषयी, तिच्या दगदगीविषयी. आणि मत्तयच्या अठराव्या अध्यायात त्याने क्रमच लावून दिला आहे : आधी भावाला एकांतात भेट, साक्षीदार नंतर, मंडळी त्याहून नंतर. आपण बरोबर उलट्या टोकाने सुरुवात करतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, लेकरांवर हात पडतो आहे, तिथे ‘दोघे एकत्र बसून बोला’ हा सल्ला घातक ठरू शकतो. खोलीत धीराने बोललेली बाई घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तिथे पहिली गोष्ट सुरक्षितता : महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. अशा बहिणीला ‘क्रूस समजून सोस’ असे सांगणाऱ्याने क्रूस कोणी उभारला होता ते शुभवर्तमानात पुन्हा वाचावे.

बेथानीतल्या त्या घरात पुढे मृत्यू आला. संत योहान सांगतो की दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी प्रभूला भेटल्या आणि दोघींच्या तोंडून तेच वाक्य निघाले : आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. दुःख एकच होते. त्यानंतर, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, पुन्हा एक जेवण. मार्था पुन्हा वाढते आहे. मरिया पुन्हा प्रभूच्या पायांशी आहे, या वेळी महागडे सुगंधी तेल घेऊन. तक्रार या वेळीही होते, पण ती यहुदाची. मार्था काही म्हणत नाही. मधल्या काळात त्या बहिणी एकमेकींशी काय बोलल्या, हे शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही.

घरचे सगळे यायला तयार नसतात, ही नेहमीची अडचण. ‘तुलाच गरज आहे, तू जा’ असे उत्तर मिळते. तर जावे. बोवेन स्वतः कित्येकदा कुटुंबातील एकाच माणसासोबत काम करीत. एकाने टपाल पोहोचवणे थांबवले तरी त्रिकोण डळमळतो. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. धर्मग्रामाच्या कार्यालयातून प्रशिक्षित समुपदेशकांची नावे मिळतील. नावे विचारणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही.