खाल्ल्या मिठाला

अजमेरनजीक अरवलीच्या डोंगरात उगम पावून लुणी नदी सुमारे ४९५ किलोमीटरांचा वाळवंटी प्रवास करते आणि अखेर कच्छच्या रणात विरून जाते. राजस्थानातील बालोतरा या गावापर्यंत तिचे पाणी गोडे. तेथून पुढे ते खारे होत जाते. तिचे नावही ‘लवण’ या शब्दावरूनच आलेले.

या गावाच्या परिसरात जे पाहावे असे सांगतात, ते आम्ही पाहिले. डोंगरांच्या कुशीतील नाकोडा पार्श्वनाथांचे जैन तीर्थ पाहिले, खेडचे रणछोडरायांचे प्राचीन मंदिर पाहिले आणि पचपदऱ्याची मिठागरेही पाहिली. चैत्रात तिलवाड्याला मल्लीनाथांची जत्रा भरते, ती लुणीच्या कोरड्या पात्रातच. जेथे पाणी नाही तेथे बैल, उंट आणि घोडे यांचा बाजार मांडला जातो. आटल्यावरही माणसांना जागा देणाऱ्या या नदीचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

परंतु त्याच नदीचे दुसरे रूप स्थळांच्या यादीत नाही. बालोतऱ्यात कापडाची रंगाई-छपाई चालते आणि तिचे सांडपाणी वर्षानुवर्षे लुणीत उतरत आले आहे. या नद्यांच्या प्रदूषणाची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्वतःहून दखल घेतली. त्या काळवंडलेल्या पात्राजवळ येताच आम्ही मान फिरवली. आमचे ते करणे योग्य होते काय?

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या पाहुण्याने यजमानाच्या घरातील उणे कशाला पाहावे? शिवाय दुसऱ्याचे दुःख प्रेक्षणीय मानणे हेही असभ्यपणाचेच. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यामागे एक गृहीत दडलेले आहे : ते दुःख दुसऱ्याचे आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. बालोतऱ्याचे स्वस्त रंगीत पोपलीन देशभर विकले जाते. आमच्या घरातील एखाद्या अस्तराचा रंग याच पाण्यात धुतला गेला नसेल, असे आम्ही छातीठोकपणे कसे म्हणावे? मग आम्ही केवळ पाहुणे उरत नाही.

याचा अर्थ कारखान्यांना शाप देऊन मोकळे व्हावे, असाही नव्हे. त्या रंगावर हजारोंच्या चुली पेटतात, आणि त्याच रंगामुळे काठच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी नासते. हा गुंता चार दिवसांत सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र तो न पाहण्याचा अधिकारही नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या नदीचे नावच मिठावरून पडले, तिच्या काठी जेवून आल्यावर निदान एवढे तरी करावे : घरी परतल्यावर देवळांचे वर्णन करताना त्या पाण्याचेही वर्णन करावे, आणि कापड घेताना स्वस्ताईची उरलेली किंमत कोण भरते, हे एकदा स्वतःस विचारावे.