वल्हे आणि पाचवे कारण

न्यूझीलंडच्या एबल टास्मन किनाऱ्यावर अनेक पर्यटक सकाळी वॉटर टॅक्सीने उत्तरेला जातात आणि कयाक वल्हवत माराहाऊ या गावी परततात. संध्याकाळी खांदे भरून आलेले, तळहातांना फोड, आणि तोंडी एकच: एवढे अंतर मी कापले! हा ‘मी’ जरा तपासून पाहावा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. देह, वल्हवणारा, वल्हे, हातांची लय ही चार लगेच सापडतात. पाचवे पाण्यात आणि वाऱ्यात असते. ओहोटीला माराहाऊचे पाणी इतके मागे हटते की होड्या ट्रॅक्टरने ओढून न्याव्या लागतात. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा उत्तरेकडून, म्हणजे परतणाऱ्याच्या पाठीशी.

कोणी म्हणेल, भरतीचे वेळापत्रक छापून मिळते. ज्याचे गणित मांडता येते ते दैव कसले? आक्षेप वजनदार आहे. पण गणित जमले म्हणून चंद्र कोणाच्या ताबेदारीत येत नाही. माहीत असणे वेगळे, हातात असणे वेगळे. मग वल्हवायचे तरी कशाला? कारण दैव पाचांतले एक आहे, एकटे नाही. वल्हे थांबले की कयाक लाटांना आडवी होते आणि तोच अनुकूल वारा तिला खडकांवर नेतो. गीतेचा रोख प्रयत्नावर नाही, स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्या बुद्धीवर आहे. आणि हा हिशेब उलटाही लागू पडतो (हे सहसा कोणी सांगत नाही): समोरून वारा लागल्यामुळे अर्ध्यावर वॉटर टॅक्सी बोलावणाऱ्याच्या माथीही सगळे अपयश मारता येत नाही.