पाचशे लिटरचा माणूस

हृदयाच्या रुग्णाला डिगॉक्सिनचा पहिला डोस ठरवताना एक विलक्षण आकडा वापरला जातो. अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम औषध शिरेतून दिलं, काही तास शरीरभर पसरू दिलं आणि मग रक्त तपासलं, तर दर लिटरमागे साधारण एक मायक्रोग्रॅम औषध सापडतं. बादलीत मोजून शाई ओतावी, पाण्याचा रंग किती फिका झाला ते पाहावं आणि त्यावरून बादलीत पाणी किती ते ओळखावं, तसा हा हिशेब आहे. ५०० भागिले एक. उत्तर येतं ५०० लिटर. रुग्णाचं वजन मात्र सत्तर किलो, आणि त्याच्या अख्ख्या देहातलं पाणी चाळीस लिटरच्या आसपास.

हे ५०० लिटर कुठेच नाहीत. डिगॉक्सिन रक्तात फारसं थांबत नाही. ते स्नायूंमध्ये, हृदयाच्या पेशींमध्ये जाऊन धरून बसतं, रक्तात अगदी थोडं उरतं आणि म्हणून आकडा फुगतो. औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्गातच सांगितलं जातं. तरीही त्या आकड्यावरून काढलेला पहिला डोस रुग्णाला लागू पडतो. इथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दवाखान्यात येऊन उभा राहतो: जे अस्तित्वातच नाही, त्याच्या आधाराने मिळालेलं ज्ञान खरं कसं ठरतं?

आधी औषध शरीरातून कसं कमी होतं ते सांगणारं समीकरण काय म्हणतं ते पाहू. या क्षणी शरीरातून औषध ज्या वेगाने कमी होतं, तो वेग या क्षणी शरीरात उरलेल्या औषधाच्या प्रमाणात असतो. एवढंच. जास्त असेल तर झपाट्याने जातं, थोडं उरलं की सावकाश. एका क्षणाबद्दलच्या या विधानातून पुढच्या साऱ्या दिवसांचा आलेख निघतो. ठरावीक काळात औषध निम्मं होतं, पुन्हा तेवढ्याच काळात त्याचं निम्मं. डिगॉक्सिनचं हे अर्धायुष्य निरोगी मूत्रपिंडांच्या माणसात दीड दिवसाच्या आसपास असतं. म्हणून रोजची गोळी सुरू केली, की रक्तातली पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो. मूत्रपिंडं मंदावलेल्या वृद्धात त्याहून बराच जास्त.

हे गणित टप्प्याटप्प्याने उभं राहिलं. स्वीडनमध्ये एरिक विडमार्क यांनी दारू रक्तात किती वेळ राहते ते मोजून गणितात बसवलं. उप्सालाच्या टॉर्स्टन टेओरेल यांनी १९३७ साली शरीराचे कप्पे कल्पिले (टोचल्या जागी साठलेलं औषध, रक्त, ऊती) आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्या-येण्याची समीकरणं मांडली. १९५३ साली फ्रीडरिश हार्टमुट डोस्ट या जर्मन बालरोगतज्ज्ञाने रक्तातल्या पातळीवर पुस्तक लिहिलं आणि फार्माकोकायनेटिक्स हे नाव या शास्त्राला मिळालं. यातला एकही कप्पा शवविच्छेदनात सापडत नाही, ही पहिली अडचण.

समीकरणाची दुसरी अडचण शून्याची आहे. निम्म्याचं निम्मं करत गेलं तर शून्य कधीच येत नाही. भारतीय दर्शनांतल्या न्याय-वैशेषिक परंपरेने या वाटेवर फार पूर्वी विचार केला होता. त्यांचा युक्तिवाद असा: पदार्थाचे तुकडे अनंत वेळा होऊ शकत असतील, तर मेरू पर्वतालाही अनंत अवयव आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत, मग दोघांचा आकार सारखाच मानावा लागेल. म्हणून तोडणं कुठेतरी थांबलं पाहिजे, तो परमाणू. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत दोनावर एकवीस शून्यं इतके रेणू असतात. एकाहत्तर वेळा निम्मे केले की जवळपास एक उरतो. अर्धायुष्य अडीच तासांचं धरलं, तर ताप उतरून गेल्यावर साधारण आठवड्याने गोळीचा शेवटचा रेणू शरीराबाहेर पडतो. त्या टोकाला समीकरणाला काही सांगता येत नाही, कारण एकटा रेणू आता जाईल की तासाने, हे निव्वळ संभवावर असतं. आलेखाची गुळगुळीत रेघ ही असंख्य रेणूंची मिळून झालेली रेघ आहे.

म्हणजे कप्पे काल्पनिक, आकारमान काल्पनिक आणि रेघसुद्धा. मग हे सगळं खोटं म्हणून सोडून द्यायचं का?

याचं सर्वात नेमकं उत्तर सातव्या शतकातल्या बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींकडे मिळतं. ‘प्रमाणवार्त्तिक’ या ग्रंथात त्यांनी एक दाखला दिला आहे. दोन माणसांना दुरून प्रकाश दिसतो. दोघांनाही तो प्रकाशच रत्न वाटतो आणि दोघेही तिकडे धावतात. एकाला दिसलेली प्रभा खरोखर रत्नाची आहे, दुसऱ्याला दिसलेली दिव्याची. प्रभेला रत्न समजणं ही दोघांचीही चूकच. पण पहिल्याच्या हाती रत्न लागतं, दुसऱ्याच्या लागत नाही. भ्रम दोन्हीकडे सारखा असला तरी एक भ्रम वस्तूपासून निघालेला आहे आणि म्हणून तो वस्तूपर्यंत नेतो. धर्मकीर्ती अनुमानाचं समर्थन करतात ते या पायावर.

डिगॉक्सिनचे ५०० लिटर ही रत्नाची प्रभा आहे. तेवढं पाणी कुठे नाही, पण तो आकडा ज्यातून निघतो ती औषधाची ऊतींमधली पकड खरी आहे. दाखल्यातली धोक्याची बाजूही तितकीच महत्त्वाची: धावणाऱ्याला आपण कोणत्या प्रकाशाकडे निघालो आहोत हे धावताना कळत नाही. हेच समीकरण, तेवढ्याच विश्वासाने, अपस्मारावरच्या फेनिटॉइनला लावून पाहा. फेनिटॉइन मोडणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमची ताकद मर्यादित असते आणि नेहमीच्या डोसलाच ती संपत येते. रोजचा डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केला, तर साधं समीकरण पातळी एक तृतीयांशाने वाढेल म्हणतं. प्रत्यक्षात ती दुप्पट-तिप्पट होऊ शकते. फिट थांबवायला आलेल्या माणसाचे डोळे थरथरू लागतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो. फेनिटॉइनसाठी समीकरणाचं रूपच बदलावं लागतं, आणि ही गरज कागदावर लक्षात येत नाही. ती रक्त तपासल्यावर कळते.

या चुकीची किंमत मुलांनीही मोजली आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल दिलं जात असे. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की हे औषध न दिलेल्या बाळांपेक्षा दिलेल्या बाळांत मृत्यू कितीतरी जास्त होते. बाळांचं पोट फुगे, अंग राखाडी पडे, रक्ताभिसरण कोसळे. मोठ्या माणसाच्या शरीरातून चार तासांत निम्मं होणारं औषध नवजाताच्या अंगात दिवसभर निम्मं होत नव्हतं, कारण ते बांधून बाहेर काढणारी यकृताची यंत्रणा अजून तयार झालेली नव्हती. वजनाच्या हिशेबाने डोस कमी केला, तरी नवजात बाळ हा लहान आकाराचा प्रौढ ठरत नाही.

धर्मकीर्तींची दुसरी भूमिका इथे आठवावी. त्यांच्या मते खरं असतं ते स्वलक्षण, म्हणजे ही एक विशिष्ट वस्तू, जी काही कार्य घडवते. सामान्य, म्हणजे अनेक वस्तूंना एकत्र धरणारी कल्पना, हे बुद्धीने रचलेलं असतं. न्याय परंपरेतल्या पंडितांना हे मान्य नव्हतं आणि हा वाद शतकानुशतकं चालला. औषधांच्या बाबतीत मात्र पारडं धर्मकीर्तींकडे झुकतं. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्रात आयसोनियाझिडचा बारकाईने अभ्यास झाला. काही लोकांत हे औषध तासाभरात निम्मं होतं, काहींत तीन तासांत. हा फरक जनुकांमुळे असतो. सरासरी काढली तर दोन तास येते, पण दोन तासांचा तो माणूस क्वचितच कुठे भेटतो. आठवड्यातून एकदाच औषध दिलेल्या उपचारात झपाट्याने औषध मोडणाऱ्या रुग्णांना कमी गुण आला, असं मद्रासला दिसलं. सरासरीला क्षय होत नाही. तो या किंवा त्या माणसाला होतो.

तरी सामान्याचा हात सोडूनही चालत नाही, आणि हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लुईस शाइनर यांनी दाखवून दिलं. १९७०च्या दशकापासून त्यांनी आणि स्टुअर्ट बील यांनी अशी पद्धत उभी केली, की अनेक रुग्णांच्या मोजक्या नमुन्यांतून समूहाचं चित्र काढायचं, माणसामाणसांतला फरक हा त्या चित्राचाच भाग मानायचा आणि समोरच्या रुग्णाचे एक-दोन रक्तनमुने मिळाले की अंदाज त्याच्याकडे सरकवायचा. समूह पहिला अंदाज देतो. शेवटचा शब्द रुग्णाच्या रक्ताचा.

देहाला कप्प्यांत बसवणं हा माणसाचा अपमान आहे, असं श्रद्धाळू मनाला वाटू शकतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण अपमान समीकरणाने होत नाही. समीकरण मांडून झाल्यावर ज्याच्यासाठी ते मांडलं त्यालाच विचारायचं राहून जातं, तेव्हा तो होतो. डोस अंदाजाने वाढवत नेणं आणि रक्तातली पातळी न पाहणं यात माणुसकी जास्त आहे असं मुळीच नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने अपस्मारावरच्या औषधांच्या पातळ्या मोजून डोस ठरवण्याचं काम अनेक वर्षं केलं आहे. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी तो विभाग घडवला. हे काम मोठ्या शहरांपुरतं राहायला नको. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान फेनिटॉइन आणि डिगॉक्सिनची पातळी मोजता आली पाहिजे. आणि घरात कुणाला ही औषधं चालू असतील, तर शेवटची गोळी किती वाजता घेतली, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे, दुसरी कोणती औषधं सुरू आहेत, हे कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती द्यावं. रक्तातली पातळी तपासायची का, हेही तेव्हाच विचारावं.